'नाव नीट वाचा, बाई' : रेडिओतली ३१ वर्षं आणि एक वही

जुनी सुई (धागाकर्ती)

दिवाळीची साफसफाई काढली होती. माळ्यावरच्या ट्रंकेत कॅसेटींच्या खाली एक वही निघाली. शंभर पानी, दुरेघी, पुठ्ठा उंदरांनी कुरतडलेला. पहिल्या पानावर माझ्याच अक्षरात एकच शब्द : 'नावे'. लेक म्हणाली, टाकू का? मी तिच्या हातातून वही घेतली आणि साफसफाई तिथेच राहिली.

मी आकाशवाणीच्या सोलापूर केंद्रावर उद्घोषिका होते. नैमित्तिक, म्हणजे कॅज्युअल. १९९० च्या पावसाळ्यात आवाजाची चाचणी दिली, २०२१ मध्ये शेवटची ड्यूटी केली. मधली ३१ वर्षं महिन्याला पाच-सहा ड्यूट्या आणि उरलेले दिवस शिकवण्या. याला करिअर म्हणताना जीभ अडखळते. पाहुणे आले की सासूबाई सांगायच्या, "सून रेडिओत असते." जणू मी त्या खोक्यातच राहते.

लोक विचारतात, कोण कोण मोठी माणसं भेटली? भेटली काही. पण माझ्याकडे सांगण्यासारखं आहे ते वेगळंच. सोलापुरात माईकसमोर सगळ्यात अवघड काय असेल, तर माणसांची नावं वाचणं. गाण्याची माहिती पाठ करता येते, शेतीसल्ला लिहून मिळतो. नावांना कुणी वाली नसतो. शहर मराठी, पण पूर्व भागात घरोघर तेलुगू, अक्कलकोट आणि दक्षिण सोलापूरकडे कन्नड, विजापूर वेशीत दखनी. फर्माईशीच्या पोस्टकार्डावर हे सगळं एकदम उतरायचं. येमूल, बोल्ली, गड्डम, अन्नलदास, इप्पाकायल. मग शिवशरणप्पा, गुरुसिद्धप्पा, नागम्मा. गावं तर विचारू नका : नागणसूर, भंडारकवठे, मैंदर्गी, वळसंग. सगळं बॉलपेनने, देवनागरीत, आणि १५ पैशांचं कार्ड वसूल करायचं म्हणून समासातसुद्धा नावं कोंबलेली.

पूर्व भागातून आलेल्या कार्डांना तंबाखूचा वास असायचा. विडी वळणाऱ्या बायकांच्या घरातली कार्डं ती. मांडीवर सूप, सुपात पानं आणि जर्दा, दोन्ही हात गुंतलेले, डोळेही गुंतलेले. मोकळे फक्त कान. हजार विड्या पुऱ्या होईस्तोवर रेडिओ चालू. लिहायच्या मात्र त्या नव्हेत, शाळेतली मुलगी लिहायची : 'आईला ते गाणं लावा.' कुठलं, ते नाही लिहायचं. ते म्हणजे ते.

आता वहीचं. मला लागून वर्ष-दीड वर्ष झालं असेल. दुपारची सभा, म्हणजे दुपारचं प्रसारण, त्यात फर्माईशीचा कार्यक्रम. एक आडनाव आलं. मराठी कानाला ते विनोदी वाटतं, इथे लिहीत नाही. वाचता वाचता मला हसू फुटलं. फेडर, म्हणजे माईकचा आवाज कमी-जास्त करायची दांडी, खाली ओढायला हवा होता, नाही ओढला. अर्धा सेकंद असेल. काचेपलीकडे ड्यूटीवरचे साहेबही हसले, म्हणून मला वाटलं, चालतंय की.

पुढच्या ड्यूटीला गेले तर गेटवरचा वॉचमन म्हणाला, एक म्हातारे तुम्हाला विचारत दोनदा येऊन गेले. तिसऱ्यांदा आले तेव्हा मी होते. धोतर, पांढरा सदरा, बाहीला सुताचा भुसका चिकटलेला. मागावरून उठून तसेच सायकलवर आले असणार. मला वाटलं, आता भांडणार. त्यांनी आधी सायकल स्टँडला लावली, टोपी नीट केली.

"बाई, तुम्ही आमचं नाव वाचलाव. पोरीनं कार्ड टाकलं होतं. सगळी गल्ली ऐकत बसली होती."

मी 'हो' म्हणाले.

"हसून वाचलाव. नाव नीट वाचा, बाई."

मी माफी मागितली. ते 'असू द्या' म्हणाले, पण गेले नाहीत. तिथेच गेटवर त्यांनी माझ्याकडून ते आडनाव म्हणवून घेतलं. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा बरोबर आलं तेव्हा मान हलवली आणि सायकल काढली. त्या दिवशी घरी जाताना नव्या पेठेतून वही घेतली.

वहीत डावीकडे कार्डावर असेल तसं नाव, उजवीकडे ते कसं म्हणायचं. कन्नडसाठी वॉचमन, तेलुगूसाठी कॅन्टीनमधला पोरगा, उर्दूसाठी माझी एक शाळेतली मैत्रीण. काही नोंदी आज वाचून हसू येतं, पण ते वेगळं हसू. 'बोल्ली : ल वर जीभ टेकवून थांबायचं. बोली म्हटलं की भाषा झाली, घराणं गेलं.' 'कोंडा : तेलुगूत कोंडा म्हणजे डोंगर. आपला डोक्यातला नव्हे.' आणि एका पानावर मोठ्या अक्षरात : 'मराठी माणूस शेवटचा स्वर खातो. खाऊ नये.'

इथे रेडिओशी संबंध आलेले कुणी असतील तर लिहा. ऐकणाऱ्यांनीही लिहा.

---

सात रस्ता

ताई, दुपारचा आवाज म्हणजे तुम्हीच का! आमच्या दुकानात रेडिओ लावलेला असायचा, गिऱ्हाईक बोलायला लागलं की वडील हात वर करून त्याला थांबवायचे. एक विचारू? ड्यूटीला जाताना काय खायचं नाही असं काही असतं का? गाणाऱ्यांचं ऐकलंय, लोणचं नको, थंड नको वगैरे.

---

जुनी सुई

शेंगा चटणी आणि कडक भाकरी! खरंच सांगते. चटणीचा कण घशात राहिला की बरोबर 'आता ऐकू या' म्हणताना ठसका येतो. दोन्हीशिवाय सोलापुरात जेवायचं काय, हा प्रश्न होताच. मी डब्यात दहीभात न्यायचे आणि घरी आल्यावर भाकरी खायचे.

---

चार सेल

मी तांत्रिक बाजूचा. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली. राज्यातल्या चार केंद्रांवर होतो, त्यात सोलापूरही. निवेदकांवर सगळे लिहितात, काचेच्या अलीकडच्यांवर कुणी लिहीत नाही, म्हणून थोडं लांबण लावतो.

ताईंचा फर्माईशीचा कार्यक्रम थेट होता, चूक झाली ती गेली हवेत. पण मुलाखती, भाषणं स्पूलवर व्हायची. पाव इंच रुंदीची टेप, सेकंदाला साडेसात इंच धावणारी. म्हणजे एका सेकंदाला १९ सेंटिमीटर. हे एकदा डोक्यात बसलं की माणूस वेळ सेंटिमीटरमध्ये मोजायला लागतो. वक्ता खोकला? दोन्ही स्पूल हाताने पुढेमागे घोळवत खोकला शोधायचा. मंद गतीत तो म्हैस रेकल्यासारखा ऐकू येतो. सुरुवातीला आणि शेवटी पिवळ्या पेन्सिलीने खूण करायची, खाचेच्या ठोकळ्यात टेप बसवायची, ब्लेडने काप, वर चिकटपट्टी. काप तिरका. सरळ कापलं की जोडावर 'टक्' वाजतं, तिरकं कापलं की एक आवाज दुसऱ्यात विरघळतो.

नवीन पोरं पहिली चूक करायची ती श्वास कापायची. खोकल्याबरोबर मागचा श्वासही उडवायची. मग माणूस पाण्याखालून बोलल्यासारखा वाटतो. श्वास ठेवायचा. एका विद्वान वक्त्यांचे नुसते 'म्हणजे' मी कापून काढले होते. संपल्यावर टेबलाखालचे तुकडे जोडून मोजले, सव्वादोन मीटर भरले. बारा सेकंदांचे 'म्हणजे'! गृहस्थांनी कार्यक्रम ऐकला आणि मला म्हणाले, मी चांगलाच ओघवता बोलतो की.

गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वर यात्रेच्या वेळी अक्षता सोहळ्याचं ध्वनिमुद्रण करायला संमती कट्ट्याजवळ उभा होतो. लाखभर माणूस. नंदीध्वज आले, 'सत्यम सत्यम, दिड्डम दिड्डम' झालं, आणि चारी बाजूंनी अक्षता. हेडफोनमध्ये एकदम पत्र्यावर पाऊस. मी दचकून वर बघितलं. माईकच्या जाळीवर दाणे पडत होते. आमच्या साहेबांचं म्हणणं होतं, तो आवाज काढून टाका, खरखर वाटते. मी ठेवला. आयुष्यात वरिष्ठांचं ऐकलं नाही असे प्रसंग दोन-तीनच, त्यातला हा एक.

---

सीमेवरचा

अक्कलकोट तालुक्यातला आहे, कर्नाटकची हद्द इथनं दिसते. आमच्या घरी रेडिओवरून भांडणं व्हायची. आज्जीला गुलबर्गा पाहिजे, कन्नड भजनं. वडिलांना सातला पाच मिनिटं झाली की पुण्याच्या प्रादेशिक बातम्या. रात्री जेवणं झाली की काटा हळूहळू फिरवला की धारवाड, हैदराबाद, कायकाय यायचं. दिवसा मात्र त्यातलं काही नाही. हे असं का, ते कधी कळलं नाही.

एकदा आमच्या गावाचं नाव रेडिओवर चुकीचं ऐकलं. गावात आठ दिवस तोच विषय. तेव्हा ताईंच्या वहीचं महत्त्व आमच्याकडनं विचारा.

---

चार सेल

@सीमेवरचा, मीडियम वेव्हचं ते. दिवसा उन्हामुळे वातावरणात वर एक थर तयार होतो, तो या लहरी गिळून टाकतो. म्हणून दिवसा फक्त जमिनीला धरून येणारी लहर, म्हणजे जवळचं केंद्र. सूर्य मावळला की तो थर विरतो. मग लहरी त्याहून वरच्या थरावर आपटून परत खाली येतात, शेकडो किलोमीटर लांब. धारवाड आणि हैदराबाद ही मुळात ताकदवान केंद्रं, ती येणारच. एफएमचं तसं नाही, ते जवळपास नजरेच्या रेषेत चालतं. मनोरा जितका उंच तितकी पोच. मध्ये टेकाड आलं की संपलं. आवाज स्वच्छ मिळाला आणि हैदराबाद गेलं.

---

मालदांडी

सगळ्यांचे डोळे पाणावले असतील तर एक कडू बोलतो. फर्माईशीच्या कार्यक्रमात नावं कुणाची असायची? त्याच त्या वीस-पंचवीस लोकांची. आमच्या मंगळवेढ्याकडे एक 'श्रोता मंडळ' होतं, त्याचे सभासद एकाच कुटुंबातले नऊ जण. त्यात एक तान्हं. एक जण कार्डांचा गठ्ठा आणायचा, दुसरा लिहायचा, गाणं कुठलं याचं कुणाला सोयरसुतक नव्हतं. नाव वाजलं पाहिजे बस्स. याला रेडिओप्रेम म्हणायचं की जाहिरात?

दुसरं, तो शेतीचा कार्यक्रम. ज्वारीवरच्या खोडमाशीचा सल्ला चांगला असायचा, वडील वहीत लिहून घ्यायचे, हे कबूल. पण बोलणारे भाषा अशी काढायचे की खोडमाशीलाही कळू नये. 'प्रादुर्भाव आढळल्यास' म्हणे.

---

जुनी सुई

@मालदांडी, त्या तान्ह्याचं नाव मी वाचलंय बहुतेक! बरोबर आहे तुमचं. नेहमीचे यशस्वी कलाकार होतेच, त्यांची अक्षरं मला झोपेत ओळखता आली असती. पण नाव वाजावं असं वाटण्यात वाईट काय? ज्याचं नाव मतदार यादी आणि रेशनकार्ड सोडून कुठेच येत नाही त्याला ते एकदा हवेत ऐकावंसं वाटलं तर वाटू दे. शंभरातली ऐंशी कार्डं त्यांची असतील, उरलेली वीस मी शोधून आधी घ्यायचे. एवढंच माझ्या हातात होतं.

'प्रादुर्भाव'बद्दल मात्र हात जोडते. मी एकदा न विचारता 'कीड पडली तर' असं वाचलं होतं. बोलणी बसली.

---

भोंगा

जरा अवांतर. वडील जुन्या गिरणीत, १८७७ ची ती गिरणी. सगळा भाग भोंग्यावर चालायचा, उठणं, डबा, पाळी. पण घरातलं घड्याळ वडील भोंग्यावर कधी लावत नसत. रेडिओवर बातम्यांआधी टोले पडतात ना, त्यावर लावायचे. विचारलं तर म्हणायचे, "भोंगा मालकाचा आहे."

---

फेडर डाऊन

मी खासगी एफएमवाला. स्टेशनचं नाव घेत नाही. २००० नंतर दहाएक वर्षांनी लागलो, सहा वर्षं केलं, आता विमा विकतो (आवाजाचा उपयोग तिथेच जास्त झाला).

पहिल्या दिवशी सांगितलं, लिंक ३० सेकंदांची. गाणं काय लावायचं ते संगणक ठरवणार, तू फक्त दोन गाण्यांमधली फट बुजव. पहिले बॉस बाहेरून आलेले. ते म्हणाले, हे सोलापुरी बोलण्यातलं 'बे' काय आहे? गावंढळ वाटतं, काढ. काढलं. वर्षाने बॉस बदलले. नवे म्हणाले, अरे तुमचं ते 'बे' कुठाय? तीच तर सोलापूरची ओळख, प्रत्येक लिंकमध्ये पाहिजे! अख्खा कन्ना चौक दिवसभरात जितक्यांदा 'बे' म्हणत नसेल तितक्यांदा मी तासाभरात म्हणायला लागलो. आई म्हणाली, घरी तरी नीट बोल.

बातम्यांचं बऱ्याच जणांना माहीत नसतं. खासगी एफएमला स्वतःच्या बातम्या द्यायला परवानगी नाही. खासगी एफएमच्या तिसऱ्या टप्प्याचं सरकारी धोरण २०११ मध्ये आलं, त्यात आकाशवाणीच्या बातम्या जशाच्या तशा लावायची मुभा मिळाली, तेवढीच. वाहतूक, हवामान, परीक्षा यांची माहिती चालते. त्यामुळे गावात काहीही होवो, आम्ही सांगणार, 'अमुक रस्त्याला गर्दी आहे, दुसरीकडून जा.' गर्दी का आहे ते सांगायचं नाही. श्रोते फोन करून विचारायचे, काय झालंय बे? आणि मी गाणं लावायचो.

ताईंचा धागा वाचून एक गोष्ट टोचली. स्पर्धा जिंकणाऱ्यांची आडनावं घ्यायची नाहीत असा आमच्याकडे नियम होता. वेळ जातो, अडखळायला होतं. सगळे नुसते 'जुळे सोलापूरची प्रिया', 'अशोक चौकातला श्रीनिवास'. मला तेव्हा बरंच वाटायचं. चुकायची भीती नाही.

---

सात रस्ता

ताई, किल्लारीच्या भूकंपाच्या वेळी तुम्ही ड्यूटीवर होता का? आम्ही तेव्हा रस्त्यावर सतरंज्या टाकून झोपायचो, उशाला ट्रान्झिस्टर.

---

जुनी सुई

होते. लिहू की नको असं करत दोन दिवस गेले.

३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी, विसर्जन करून लोक नुकते आडवे झाले होते. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी आमच्या स्वयंपाकघरातली मांडणी खाली आली. मला पहिल्या सभेची ड्यूटी. न्यायला आलेल्या गाडीत ड्रायव्हर एक शब्द बोलला नाही, रस्त्यावर सगळी माणसं घराबाहेर उभी. केंद्रात गेले तर टेबलावर त्या सकाळच्या गाण्यांची यादी आदल्या दिवशीच तयार करून ठेवलेली. उत्साहाची गाणी. ती बाजूला ठेवली, नुसती बासरी लावली.

आम्हाला बातमी सांगायचा अधिकार नाही. बातम्या पुण्याहून, दिल्लीहून यायच्या. बाहेर फोन वाजत होते, काहीतरी भयंकर झालंय हे कळत होतं, आणि मी माईकसमोर बसून वाद्याचं आणि वादकाचं नाव सांगत होते. फेडर डाऊन, तुमचं 'मी गाणं लावायचो' वाचलं तेव्हा ती बासरी आठवली. ती ध्वनिमुद्रिका नंतर मी कधीही लावली नाही.

पुढचे दिवस आवाहनं वाचली. सिव्हिलला रक्त हवंय, पांघरुणं हवीत. आणि गावांची नावं. सास्तूर, राजेगाव, मंगरूळ, तळणी, गुबाळ, पेठसांगवी, होळी. बाहेरगावचे एक निवेदक मदतीला आले होते, त्यांनी तालीम करताना 'होळी' असं वाचलं की सण वाटला. गावाचं नाव आहे, म्हटलं, जरा थांबून वाचा. कागदावर मी त्या शब्दाभोवती गोल केला. तिथून आलेली माणसं सोलापुरातल्या दवाखान्यांत होती, नातेवाईक व्हरांड्यात रेडिओ कानाला लावून बसलेले. त्यांना त्या दिवसांत आपल्या गावाचं नाव ऐकू येणं म्हणजे काय, हे मी सांगू शकत नाही.

वहीत त्या आठवड्याचं एक अख्खं पान आहे. उजवी बाजू कोरी. उच्चार विचारायला कुणी शिल्लक नव्हतं असं नाही, पण लिहायचं सुचलं नसावं.

---

मालदांडी

वरचं माझं बोलणं मागे घेत नाही. पण हे वाचलं.

---

बॉबिन

बरीच वर्षं नुसतं वाचतोय इथे, पहिलाच प्रतिसाद. आम्ही भद्रावती पेठेतले. आजोबा मागावर होते, आजी विड्या वळायची. आमच्या घरी एक गोष्ट सांगतात, की आत्याने रेडिओला कार्ड टाकलं होतं आणि आजोबा नंतर सायकलवरून रेडिओ स्टेशनला जाऊन आले होते. का गेले होते ते आजोबांनी कधीच सांगितलं नाही. 'काम होतं' म्हणाले. आत्याचं म्हणणं, त्यानंतर पुन्हा एकदा नाव लागलं होतं.

तेच असतील असं नाही. पूर्व भागात सायकलवाले विणकर हजारोंनी होते. पण ताई, तुम्हाला व्यक्तिगत निरोपात आडनाव पाठवलंय. वहीत आहे का तेवढं बघाल?

---

जुनी सुई

@बॉबिन, निरोप पाहिला. तेच ते की नाही, खरंच सांगता येणार नाही. त्या आडनावाची घरं बरीच आहेत आणि त्यांचं पहिलं नाव मी विचारलंच नव्हतं.

वहीत आहे. 'नावे' लिहिलंय त्याच्या पुढच्याच पानावर, पहिलीच ओळ. उजवीकडे लिहिलंय : 'दुसरं अक्षर लांब. शेवटचं पूर्ण म्हणायचं. तीनदा म्हणून मग माईक उघडायचा.'

फोटो काढून निरोपात पाठवते. पुठ्ठा उंदरांनी खाल्लाय, पण ती ओळ शाबूत आहे.